किडकिडीत अंगातली साखर

मधुमेह हा खात्यापित्या घरचा आजार, असं आपल्याकडे अजूनही सर्रास बोललं जातं. पोट सुटलेल्या माणसाची साखर वाढली तर कुणाला नवल वाटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे येणारे रुग्ण मात्र पाश्चात्त्य पुस्तकांतल्या वर्णनात बसत नव्हते. वयानं तरुण, अंगानं सडपातळ, तरी मधुमेही!

इंग्लंडमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर यांना वेगळ्याच वाटेनं धागा सापडला होता. हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून बाळांचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वह्यांत टिपून ठेवलं जाई. त्या बाळांचं पुढं काय झालं, हे बार्कर यांनी शोधलं. बाळपणी हलके असलेले पुरुष हृदयविकारानं जास्त दगावले होते. हा निष्कर्ष 1989 मध्ये छापून आला.

पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 साली सुरू झालेला अभ्यास बाळपणीची वाढ आणि पुढचे आजार यांच्या याच नात्याचा. गरोदर राहण्यापूर्वी इथल्या बायांचं सरासरी वजन होतं जेमतेम 42 किलो, आणि त्यांची बाळं सुमारे 2.7 किलोंची. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोंची. मोजणाऱ्यांनी नुसत्या वजनावर भागवलं नाही. जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाच्या पाठीवर, खवाट्याच्या हाडाखाली, कातडीची घडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजली. पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच! दिसायला लुकडं आणि आतून चरबीचं, असं हे बाळ.

असं का व्हावं? बेताच्या मिळकतीचं घर आधी चूल पेटती ठेवतं आणि बाकीचे खर्च पुढं ढकलतं, तसंच गर्भाचं असतं. अन्न अपुरं पडलं की मेंदू सांभाळला जातो आणि स्नायू, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या तर जन्मापूर्वीच मोजून ठेवलेल्या असतात, नंतर एकही वाढत नाही. स्नायू कमी म्हणजे रक्तातली साखर खपवायला जागा कमी. पुढं वजन वाढलं की हे तोकडं भांडवल पुरत नाही. दिल्लीतल्या एका दीर्घ अभ्यासात, तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडलेली आढळली ती मुलं दोन वर्षांची असताना बारीक होती आणि त्यानंतर त्यांचं वजन भराभर चढत गेलं होतं. म्हणून बारीक पोराला बिस्किटांच्या पुड्यांवर गुटगुटीत करणं मला धोक्याचं वाटतं.

त्या सहा गावांतली बाळं 18 वर्षांची झाली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांचं वजन उंचीच्या मानानं कमीच होतं. तरीही 37 टक्के मुलांत आणि 18 टक्के मुलींत साखरेचं गणित बिघडू लागलेलं आढळलं. हे वाचून मी हादरलो. एकाच पोराच्या अंगात कुपोषण आणि मधुमेहाची चाहूल, आणि आपल्या सरकारी कागदांवर मात्र ही दोन वेगळी खाती.

आया काय खात होत्या, हेही या अभ्यासात नोंदलं गेलं. पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा होतं, त्यांची बाळं मोठी होती. विहिरीचं पाणी वाहणं, धुणी, शेतातली कामं ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची बाळं लहान. भाजी पिकवायची बाईनं, ती जायची बाजारात, आणि घरात शेवटी जेवायचं तिनंच. बाळाचं वजन तिथंच ठरत जातं, दवाखान्यात फक्त काट्यावर दिसतं.

काट्यावरही सगळं दिसत नाही. 1944–45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडच्या पश्चिम भागात माणशी रोजचं रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या उपासमारीत गरोदरपणाचे पहिले महिने काढलेल्या आयांची बाळं पुढं अन्न मिळाल्यानं भरल्या वजनाची जन्मली. तरी पन्नाशीत त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं.

आपल्याकडे बाई गरोदर आहे हे कळून अंगणवाडीत नाव लागेपर्यंत हेच पहिले महिने सरत आलेले असतात. पुण्याच्या संशोधकांनी म्हणून आणखी मागे जायचं ठरवलं. त्या अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींनाच, ती आईबाप होण्याच्या आधी, 2012 पासून ब-12 जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या आणि त्यांची बाळं जन्मली तेव्हा तीही मोजायला घेतली.