छोटं इंजिन अडतं कुठे?

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आम्ही बोलणार आहोत खेळण्यातल्या रेल्वे इंजिनाच्या दुरुस्तीवर. पापड, लोणची, पिशव्या सोडून बचत गटाला हे काय सुचलं, असं आमच्या घरीही विचारलं गेलं. पण शेवटपर्यंत ऐका. यातली निम्मी माहिती तुमच्या मिक्सरला आणि शिलाई मशीनलाही लागू पडते.

संक्रांतीनंतरची गोष्ट. गावातल्या शाळेचे विज्ञानाचे सर एक खोकं घेऊन आले. कुणीतरी शाळेला भेट दिलेली सहा छोटी इंजिनं, थोडे रूळ आणि डबे. चालणारं इंजिन एकच. सर म्हणाले, "तुम्ही मशीनची मोटर दुरुस्त करता ना, हेही बघा. इंजिनमागे दीडशे रुपये देऊ." मल्टीमीटर आणि सोल्डरिंगची कांडी घ्यायला गटाच्या फंडातून सहाशे रुपये हवे होते. बैठकीत दोघींनी विरोध केला. "पोट्ट्यांच्या खेळण्यापायी फंड कशाला?" शेवटी ठराव झाला, वहीत सह्या झाल्या आणि पैसे मिळाले.

आणि पहिल्याच दिवशी आम्ही ते एकमेव चालणारं इंजिन जाळलं.

झालं असं, की खोक्यात वीज देणारा कंट्रोलर नव्हता. बाजारातल्या एका दुकानात आम्ही बारा व्होल्टचा अडॅप्टर मागितला. त्यांनी एक हातात दिला, म्हणाले, सगळे सारखेच असतात. आम्ही लेबल न वाचता जोडला. इंजिन सुसाट सुटलं, टेबलावरून खाली पडलं आणि करपल्याचा वास आला. मग लेबल वाचलं. आउटपुट २४ व्होल्ट! पाणी शुद्ध करायच्या मशीनला लावतात तो अडॅप्टर होता. दुकानदाराने चुकीचा दिला हे खरं, पण डोळे आम्हालाही होते. नवी मोटर साडेतीनशेची आली. म्हणजे काम सुरू होण्याआधीच फंडाला खड्डा. विरोध करणाऱ्या दोघी काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून गटाचा नियम झाला : आधी लेबल, मग प्लग. अडॅप्टरवर दोन ओळी असतात. इनपुट म्हणजे भिंतीतून येणारी वीज, आउटपुट म्हणजे तो पुढे देतो ती. आपल्याला बघायची ती आउटपुटची ओळ. या इंजिनांना १२ व्होल्ट डीसी लागते. एक अँपिअरचा अडॅप्टर एका इंजिनाला पुरतो.

आता हे इंजिन चालतं कसं, ते समजून घेऊ. आत पेट्रोल नाही, सेल नाही. वीज येते रुळातून. दोन रूळ एकमेकांना कुठेही चिकटलेले नसतात, मधले स्लीपर प्लास्टिकचे असतात. एका रुळात अधिक, दुसऱ्यात उणे. इंजिनाची चाकं धातूची असतात, पण डावं आणि उजवं चाक मधे प्लास्टिकची बुशी घालून वेगळं ठेवलेलं असतं. तसं नसतं, तर दोन्ही रूळ अॅक्सलमधून जोडले जाऊन शॉर्ट झाला असता. चाकाच्या पाठीला पातळ धातूच्या पट्ट्या घासत असतात. त्या वीज उचलतात आणि मोटरला देतात. मोटरमध्ये दोन कार्बन असतात. आपल्या मिक्सरचा कार्बन बदलून आणतो ना, तेच, पण तांदळाच्या दाण्याएवढे. मोटर फिरली की तिच्या दांड्यावरचा मळसूत्री आट्यांचा गियर दातेरी चाकाला फिरवतो आणि ते चाक अॅक्सलला. रुळांचं अधिक-उणे उलटं केलं की मोटर उलटी फिरते आणि गाडी मागे येते. आम्ही सहा पायांचं दुहेरी स्विच लावून, तारा आडव्या-उभ्या जोडून ही सोय केली. वेग कमी-जास्त करायला मोटरचा छोटा रेग्युलेटर लावला.

इतकं कळलं की दुरुस्ती निम्मी झाली. शेतात पंप चालू आहे आणि पाणी येत नाही, तर घरधनी लगेच मोटर खोलतो का? आधी फ्यूज, मग फूटव्हॉल्व, मग पाइप. इथेही वीज ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तपासत जायचं : अडॅप्टर, रूळ, चाक, पट्टी, मोटर, गियर.

पहिली तपासणी रुळाची. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन टोकं दोन रुळांना लावायची. बारा दिसले तर रूळ ठीक. गाडी ठरावीक जागीच थांबत असेल, तर त्या दोन तुकड्यांमधला सांधा सैल असतो. पक्कडीने हलकेच दाबला की काम होतं.

दुसरं इंजिन अडखळत चालायचं, मधेच बंद पडायचं, बोटाने ढकललं की पुन्हा पुढे जायचं. हा रोग बहुतेक वेळा मळाचा. चाकावर आणि रुळावर काळा थर बसतो, वीज पोचत नाही. सुती चिंधीवर मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं. हातावरचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात चिकटपणा असतो. पॉलिश पेपरने तर मुळीच घासू नका. त्याने बारीक ओरखडे पडतात आणि त्यात मळ आणखी लवकर साचतो. आमचं इंजिन नुसतं पुसून चालू झालं. खर्च पाच रुपये.

तिसऱ्याची मोटर गुणगुणायची, पण चाक फिरायचं नाही. उघडलं तर अॅक्सलला केसांचा आणि दोऱ्याचा गुंता. जमिनीवर गाडी चालवली की हे होणारच. शिलाई मशीनच्या चाकात दोरा अडकतो तसंच. चिमट्याने काढला. मग आमच्यातल्या एकीने प्रेमाने त्यात खोबरेल तेल सोडलं. दुपारी छान चाललं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठप्प! जानेवारीच्या थंडीत डोक्याला लावायची बाटली थिजते, तसं ते गियरमध्ये थिजलं होतं. सगळं धुऊन, वाळवून शिलाई मशीनचं तेल लावलं. तेही सुईच्या टोकावर मावेल एवढा एक थेंब, फक्त गियरला आणि दांड्याच्या टोकांना. जास्त तेल चाकावर उतरलं की वीज तुटते आणि कार्बनपर्यंत गेलं की मोटर बिघडते.

चौथं इंजिन सारखं रुळावरून उतरायचं. इथे एक साधी खूण लक्षात ठेवा. एकाच जागी सगळी इंजिनं उतरत असतील तर दोष रुळाचा. एकच इंजिन सगळीकडे उतरत असेल तर दोष त्याच्या चाकांचा. या मापाच्या गाडीत दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर सुमारे साडेचौदा मिलिमीटर हवं. आम्ही तेवढ्या रुंदीची जाड पुठ्ठ्याची पट्टी कापली आणि प्रत्येक अॅक्सलमध्ये घालून बघितली. एका जोडीत ती शिरेना. दोन्ही चाकं धरून हलकेच पिळत बाहेर ओढली, काम झालं. याच इंजिनाचा दिवा गेला होता. जुन्या बल्बऐवजी एलईडी लावला. एलईडीला सरळ १२ व्होल्ट दिले तर तो लगेच जळतो. सोबत एक हजार ओहमचा रेझिस्टर लावायचा. एलईडी वीज एकाच दिशेने जाऊ देतो. त्यामुळे पुढचा आणि मागचा दिवा एकमेकांच्या उलट जोडला, की गाडी ज्या दिशेला जाते तिकडचाच दिवा लागतो.

पाचव्याचा प्लास्टिकचा गियर मधोमध तडकला होता. चिकटवून बघितला, टिकला नाही. ते इंजिन चिठ्ठी लावून परत दिलं : गियर हवा, बाकी ठीक. जमलं नाही ते जमलं नाही म्हणून लिहून द्यायचं. गिऱ्हाईकाचा विश्वास त्यानेच बसतो.

राहिलं सहावं. ते इतरांपेक्षा बरंच लहान, वरचं कव्हर फुटलेलं. सर म्हणाले, हे फेका. पण खालची चाकं, मोटर ठणठणीत होती. इथे थोडं माप समजून घ्यावं लागेल. मोठी पाच इंजिनं एचओ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. त्यांच्या रुळाची रुंदी साडेसोळा मिलिमीटर. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. पुण्याला गेलात तर मुलांना जरूर दाखवा. सहावं इंजिन एन मापाचं, १६० पट लहान, रुळाची रुंदी नऊ मिलिमीटर.

आता गंमत बघा. आपल्या जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी गाडी आठवते? कापूस वाहून न्यायला कंपनीने टाकलेली, १९१७ साली सुरू झालेली, सुमारे ३५ किलोमीटरची लाईन. तिची बहीण मूर्तिजापूर-यवतमाळ. आपण सगळे तिला शकुंतलाच म्हणायचो. तिच्या रुळाची रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा. पावणेनऊच्या आसपास येतात. म्हणजे नऊ मिलिमीटरच्या रुळावर ८७ पट लहान शकुंतला चपखल बसते! फेकायला काढलेल्या खालच्या भागावर आपल्या गाडीचं इंजिन उभं करायचं ठरलं.

कव्हर केलं जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचं, दोन थर चिकटवून. हिशोब सोपा. खऱ्या इंजिनाचं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि ८७ ने भागायचं. आठ मीटर लांब वस्तू असेल तर ती सव्वानऊ सेंटिमीटरच्या आत बसते. आत चाकांच्या वर लोखंडी वायसर चिकटवले, कारण हलकं इंजिन जागेवर चाकं फिरवतं, ओढत नाही. वायसर तारांना लागू नयेत म्हणून मधे इन्सुलेशन टेप लावली. डाग द्यायचं काम खिडकी उघडी ठेवून केलं आणि नंतर हात साबणाने धुतले, कारण डागाच्या तारेत शिसं असतं. लहान मुलं आणि गरोदर बायका त्या कामापासून लांबच हव्यात.

गटातल्या एका आजींचे वडील त्या लाईनीवर कामाला होते. गाडी तयार झाली तेव्हा त्यांना बोलावलं. आजींनी बघितलं आणि मान हलवली. "रंग बरा आहे बाई. पण आमची गाडी अशी पळत नव्हती. माणूस खाली उतरून पुन्हा चढत होता."

आम्ही शिलाईची टेप घेतली, रुळाशेजारी ६४ सेंटिमीटरवर खडूच्या दोन खुणा केल्या आणि घड्याळ लावलं. गाडी दोन सेकंदांत पार. हिशोब केला तर खऱ्या मापात ताशी १०० किलोमीटर! शकुंतला साधारण ताशी वीसने जायची. त्या हिशोबाने ६४ सेंटिमीटरला १० सेकंद लागायला हवेत. रेग्युलेटर कमी करत गेलो, तर गाडी हळू होण्याऐवजी थांबायलाच लागली. पुन्हा वीज ज्या वाटेने जाते त्या वाटेने गेलो. चाकं पुसली, पट्ट्या वाकवून नीट टेकवल्या, कार्बनखालची काळी पूड दात कोरायच्या काडीने काढली. तिसऱ्या दिवशी ६४ सेंटिमीटरला बरोबर १० सेकंद. आजी शेवटच्या खुणेपर्यंत बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हं. आता रोहण्याला थांबेल."

खरी गाडी आता धावत नाही. छोटी शाळेत आहे, मुलं तिच्यावर भागाकार शिकतात.

आता फंडाचा हिशोब, कारण तो तुम्ही विचारणारच. पाच इंजिनांचे साडेसातशे मिळाले. हत्यारं सहाशे, मोटर साडेतीनशे आणि अडॅप्टर, स्विच वगैरे मिळून आणखी दोनशे. म्हणजे चारशे रुपये तोटा. बैठकीत तो तसाच वाचून दाखवला. पण हत्यारं आणि हातातली विद्या गटाकडे राहिली. त्यानंतर मिक्सर, टेबल फॅन, शिलाई मशीनच्या मोटरी येऊ लागल्या आणि चार महिन्यांत चारशे भरून निघाले. विरोध करणाऱ्या दोघींपैकी एक आता मल्टीमीटर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

तर मैत्रिणींनो, घरात एखादी वस्तू बंद पडली तर लगेच भंगारात टाकू नका. प्लग काढा, लेबल वाचा आणि वीज ज्या वाटेने येते त्या वाटेने शोधत जा. करपल्याचा वास आला तर मात्र त्याच क्षणी बंद करा.