मेणाची भेग आणि यंत्राची नक्कल

उज्जैनच्या उत्तरेस क्षिप्रेकाठी भैरवगढ ही छिप्यांची जुनी वस्ती. लाकडी ठशांची छपाई आणि मेणाचे बाटिक या दोन कामांसाठी तिची ख्याती आहे. यंत्राने कलेचे काय होते, हा प्रश्न तेथे दुकानाच्या फळीवरच येऊन बसला आहे.

वितळलेले मेण कारागीर लेखणीने वा कुंचल्याने सुती कापडावर उतरवितो. मेण लागलेला भाग रंग पीत नाही. रंग थंडच असावा लागतो, नाहीतर मेणच वितळायचे. फिकट रंगाकडून गडदाकडे जात कापड पुन्हा पुन्हा बुडवितात आणि अखेरीस उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. मध्यंतरी कापड चुरगळते, गार मेण तडकते, भेगांतून रंग झिरपतो व केसाएवढ्या रेषांचे जाळे उमटते. ते कसे उमटेल, हे त्या कारागिरालाही पुरते सांगता येत नाही.

गंमत अशी की, जावा बेटातील कसबी कारागीर या भेगांना दोषच मानीत. एकोणिसाव्या शतकात डच गिरण्यांनी जावाच्या बाटिकची यांत्रिक नक्कल केली, तेव्हा भेगांचे हे कापड तेथे रुचले नाही. पश्चिम आफ्रिकेत मात्र त्या भेगाच लोकांना आवडल्या!

कोरीव रुळाने कापड छापण्याच्या यंत्राचे पेटंट टॉमस बेल याने १७८३ साली घेतले. रुळाचा एक फेरा संपला की तीच भेग ठरल्या अंतरावर पुन्हा येते. आता तर संगणकाच्या हुकमाने चालणारे यंत्र कापडावर थेट शाई फवारते. मेणाचा थेंबही न लागता भेगा तयार!

अर्थात यंत्राला सरसकट दूषण देणे न्याय्य नव्हे. लाकडी ठसा तरी काय, एकच फूल हजारदा उमटविण्याचेच साधन. परंतु ठसा किती दाबावा आणि रंग कितपत घ्यावा, हे तेथे हात ठरवितो.

उज्जैनच्या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण लाभते. बाटिकसारख्या दिसणाऱ्या स्वस्त साडीची विक्री त्याने थांबत नाही. घेणाऱ्याला एक परीक्षा मात्र सहज करता येते. कापड उलटे करावे. बुडवून रंगविलेल्या कापडाची भेग मागच्या बाजूसही बहुधा तितकीच स्पष्ट असते, वरून छापलेली तेथे फिकी पडते. कारागिराच्या मुलाने कुंचला हाती घ्यावा की दुसरी नोकरी शोधावी, हे पुष्कळसे या उलटून पाहणाऱ्या गिऱ्हाइकांच्या संख्येवर अवलंबून आहे.