खुणांचं वाचन (लेखांक ५) : लेण्यातलं व्याज आणि फ्रेगेच्या रेघा

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहा क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचं दानपत्र कोरलेलं आहे. भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापण नाण्यांची कायम ठेव ठेवली: २००० गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, १००० दुसऱ्या श्रेणीकडे. रकमा शब्दांत आहेत आणि आकड्यांतही. आकडे आजच्यासारखे नाहीत. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. हजाराची एक वेगळी खूण आणि तिलाच जोडलेलं तीनाचं चिन्ह. शेजारी शब्द असल्यामुळे पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या अभ्यासकांना या खुणा नेमक्या लावता आल्या.

खरी कसोटी मात्र व्याजाची. २००० वर शेकडा एक, एवढंच लेख सांगतो. दरमहा की दरसाल, ते लिहिलेलंच नाही. उत्तर त्याच लेखात पुढे सापडतं. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे आहेत, म्हणजे एकूण २४०. दरसाल व्याज धरलं तर हाती येतात फक्त २०. दरमहा धरलं तर महिन्याला २० आणि वर्षाचे बरोबर २४०! जुनी खूण वाचण्याची ही रीत फार मोलाची आहे: तिचा अर्थ आपल्या सवयीवरून ठरवायचा नाही, लिहिणाऱ्याने तिच्याकडून काय काम करून घेतलं ते पाहायचं.

विश्लेषक तत्त्वज्ञानाचा पाया घालणाऱ्या गॉटलोब फ्रेगेचं १८७९ चं ‘बेग्रिफश्रिफ्ट’ हे पुस्तक वाचताना हीच रीत लागते. त्याची तर्कचिन्हं एका ओळीत मावत नाहीत. आडव्या-उभ्या रेघांनी ती पानभर खाली उतरत जातात. १८८० मध्ये या पुस्तकाचं परीक्षण लिहिताना तर्कशास्त्रज्ञ श्रोडरने या उभ्या मांडणीवरच टीका केली होती.

‘डोंगरावर धूर असेल, तर तिथे आग आहे’ हे विधान फ्रेगेच्या पद्धतीने मांडू. दोन आडव्या रेघा, त्यांना जोडणारी एक उभी रेघ. वरच्या रेघेच्या टोकाला ‘आग’, खालच्या टोकाला ‘धूर’. वरून खाली वाचणारा सहज ‘आग असेल तर धूर’ असं वाचून मोकळा होतो, आणि विधान उलटं होतं. चूक उघडी पडते ती अनुमानात. फ्रेगेचा नियम असा, की हे विधान आणि खालचा भाग मान्य असेल, तर वरचा भाग निष्पन्न होतो. धूर दिसला की आग सिद्ध. उलटं वाचलं, तर त्याच्या सिद्धतांमधली पुढची पायरी लागतच नाही.

याच आकृतीच्या अगदी डावीकडे आणखी एक छोटी उभी रेघ असते. ती नसेल, तर समोर नुसता विचार मांडलेला असतो. ती असेल, तर तो खरा असल्याचं प्रतिपादन असतं. आजच्या तर्कशास्त्रात या खुणेचा वंशज ‘आधारविधानांवरून सिद्ध होतं’ एवढ्याच अर्थाने वापरतात. तो अर्थ फ्रेगेच्या पानावर लादला, की प्रतिपादन करणारा माणूसच त्यातून नाहीसा होतो. फ्रेगेचं लेखन आजच्या चिन्हांत उतरवून छापणाऱ्यांनी ही रेघ तरी जपायला हवी.

पुढच्या लेखांकात रसेल आणि व्हाइटहेड यांनी १९१० पासून कंसांऐवजी वापरलेले ठिपके.