क्लच रविवारचा, गुडघा सोमवारचा!

रविवार सकाळ. मावळातला चिखल. मित्राची थार चढाच्या मध्यावर अडकलेली. इंजिन ओरडतंय, चाकं मात्र जागची हलत नाहीत. आणि मग येतो तो वास... जळक्या क्लचचा! सोमवारी कँटीनमध्ये घोषणा होते, ‘आता हेवी ड्युटी क्लचच टाकून घेतो!’

थांबा बॉस. गॅरेजवाल्याला चावी देण्याआधी एवढं वाचाच.

क्लच जळतो का?

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली क्लच प्लेट घर्षणाच्या जोरावर इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देते. हाफ क्लचवर ती घसरते आणि तापते. 2020 मध्ये आलेल्या थारचं 2.2 लिटरचं डिझेल इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत 300 न्यूटन मीटर टॉर्क देतं. कंपनीचा क्लच त्याच हिशेबाने बसवलेला. आपण मात्र रिमॅप करून टॉर्क वाढवतो, 31 इंची टायर काढून 33 इंची चढवतो. नुसत्या टायरमुळेच गिअरिंग साधारण 6 टक्क्यांनी उंच होतं. म्हणजे गाडी हलवायला हाफ क्लच आणखी जास्त. बिचारा क्लच काय करणार?

सिरॅमिक की केव्हलार?

कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट टाकली की पकड वाढते, पण पेडलही जड होतं. सिरॅमिक बटणांची प्लेट उष्णता मस्त सोसते. पण ती एक तर धरते, नाहीतर सोडते, मधलं काही नाही! गाडी झटके मारत निघते. गंमत म्हणजे खडकावर इंचाइंचाने चढतानाही हाच झटका नडतो. केव्हलार त्यामानाने हळुवार आणि टिकाऊ. पण सुरुवातीचे शेकडो किलोमीटर जपून चालवावं लागतं, आणि एकदा फार तापली की तिचीही पकड ढिली पडते.

खरी ग्यानबाची मेख

क्लच म्हणजे एका अर्थी गाडीचा फ्यूज. ताण वाढला की तो घसरतो, म्हणून पुढचं वाचतं. घसरणारच नाही असा क्लच टाकला, तर तोच धक्का गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि ॲक्सलला बसतो. जळलेली क्लच प्लेट परवडली, पण रानात मोडलेला ॲक्सल? वॉरंटीवरून वाद होऊ शकतो, तो वेगळाच.

मग करायचं काय?

आधी फुकटातले उपाय. चढाच्या पायथ्याशीच फोर-लो टाका. चाकांना जोर जास्त मिळतो, क्लच कमी घसरतो. चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका, ब्रेक कशाला आहे? वास आला की थांबा, क्लच थंड होऊ द्या. रिमॅप केलेलंच असेल आणि वरच्या गिअरमध्ये आरपीएम वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच बदलायलाच हवा. पण तेव्हाही सिरॅमिकवर उडी नको. थोडी जास्त पकड देणारी ऑर्गॅनिक प्लेट बघा.

वर्षात रविवार 52. त्यातले चिखलातले किती, प्रामाणिकपणे मोजा. बाकीच्या दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ते जड पेडल तुमच्याच डाव्या पायाखाली असणार आहे!