पुंगळी पितळेचीच का?

अंबरनाथ म्हटले की गावाच्या पूर्व भागातील अकराव्या शतकातले शिवमंदिर आठवते. धातुशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र या गावाची आणखी एक ओळख असायला हवी, ती म्हणजे तेथील ऑर्डनन्स फॅक्टरी. लोखंडेतर धातूंचे काम हे या कारखान्याचे वैशिष्ट्य आणि काडतुसांसाठी लागणारे पितळ हा त्या कामाचा एक भाग. २०२१ साली ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाची पुनर्रचना झाली, तेव्हा हा कारखाना यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला. काडतुसाची पुंगळी दीडशे वर्षांहून अधिक काळ मुख्यतः पितळेचीच का राहिली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ताण, स्फटिकरचना आणि गंज या तिन्ही विषयांची उजळणी होते.

आधी काडतूस, मग रायफल

लांब पल्ल्याची रायफल खास मागणीवरून घडवायची असेल तर कारागीर सुरुवात नळीपासून करत नाही. आधी काडतूस ठरते. मग त्या काडतुसाच्या मापाने नळीच्या मागच्या टोकाची पोकळी, म्हणजे चेंबर, कोरली जाते. अंगाचे माप घेऊन सदरा बेतावा तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे शिंपी मिलिमीटरच्या शतांशात मोजतो.

चाप ओढल्यावर काय घडते? पुंगळीतील दारू पेटते आणि वायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन ते चार हजार पट होतो. या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येऊ शकत नाही. गोळी नळीबाहेर पडताच दाब उतरतो. आता पुंगळीने आकसून सुटे व्हायला हवे, नाहीतर ती चेंबरमध्येच अडकून बसेल. फुगणे आणि आकसणे हे सारे काही सहस्रांश सेकंदांत उरकते.

७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ येथे उपयोगी पडते. धातू ताणून सोडल्यावर किती मागे येतो हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : कायमचा आकार बदलण्यापूर्वी तो किती ताण सोसतो आणि त्याचा यंगचा गुणांक किती आहे. ताण जास्त सोसला आणि गुणांक कमी असला, तर मागे येणे जास्त. पितळेचा गुणांक सुमारे ११० गिगापास्कल, तर पोलादाचा सुमारे २००. पितळ ठोकून किंवा ओढून कठीण केले की ते सुमारे ४०० मेगापास्कल ताण सोसते. ४०० मेगापास्कलला ११० गिगापास्कलने भागा. उत्तर येते सुमारे ०.३६ टक्के. १२ मिलिमीटर व्यासाच्या पुंगळीसाठी हे अंतर भरते सुमारे ४ शतांश मिलिमीटर. केसाच्या जाडीहूनही कमी, पण पुंगळी सुटी व्हायला एवढी फट पुरते.

मानेची पकड

पुंगळीचा तळ कठीण हवा, पण गोळीला धरून ठेवणारी तिची मान मऊ हवी. प्रत्येक काडतुसात ही पकड सारखी नसेल तर गोळ्यांचा वेग कमीजास्त होतो. याचा परिणाम किती? हवेचा विरोध सोडून देऊन साधा हिशेब करू. सेकंदाला ८०० मीटर वेगाची गोळी ६०० मीटर अंतर पाऊण सेकंदात कापते आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने सुमारे २.७६ मीटर खाली येते. वेग फक्त २ टक्के कमी झाला तर ती २.८७ मीटर खाली येईल. म्हणजे फरक ११ सेंटिमीटरचा! ३०० मीटरवर हाच फरक ३ सेंटिमीटरहून कमी भरतो. अंतर दुप्पट झाले की घसरण चौपट होते, कारण सूत्रात काळाचा वर्ग आहे.

१९७२ चा वन्य जीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे आपल्याकडे शौकाची शिकार संपली. आज हा हिशेब नेमबाजीच्या मैदानावर लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटर धरला, तर वेगातील २ टक्के फरकाने गोळी जवळजवळ ५ मिलिमीटर खाली लागते. नेमबाजाचा हात कितीही स्थिर असला तरी ही चूक त्याला सुधारता येत नाही.

तांबटाची युक्ती

पुंगळी बनवताना पितळेच्या पट्टीतून गोल चकती कापतात, तिची वाटी करतात आणि ही वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब व पातळ करतात. प्रत्येक ओढीत धातूचे स्फटिक विस्कटतात आणि पितळ कठीण व ठिसूळ होत जाते. म्हणून अधूनमधून ते सुमारे ६०० अंश सेल्सिअसला तापवावे लागते. उष्णतेने नवे, ताणमुक्त स्फटिक तयार होतात आणि पितळ पुन्हा मऊ होते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर हेच करत आले आहेत : ठोका, तापवा, पुन्हा ठोका.

पावसाळ्यातला गुन्हेगार

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराला एक कोडे पडले होते. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जात. पाऊस संपल्यावर पाहावे तर अनेक पुंगळ्यांना, विशेषतः गोळी धरणाऱ्या मानेपाशी, तडे गेलेले! या प्रकाराला ऋतूशी जोडून नाव मिळाले, पण दोष ऋतूचा नव्हता. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली खरे कारण मांडले. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया बाहेर पडत होता आणि दमट हवेत तो पितळेवर हल्ला करत होता. पण नुसत्या अमोनियाने असे तडे जात नाहीत. ओढकामात पितळेत अडकून राहिलेला ताणही लागतो. ताण स्फटिकांच्या सीमा उघडू पाहतो आणि त्याच फटीत अमोनिया शिरतो.

उपाय साधा निघाला. तयार पुंगळी २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवली की अडकलेला ताण बराचसा उतरतो आणि कठीणपणा मात्र फारसा कमी होत नाही. अमोनिया वापरणाऱ्या बर्फ कारखान्यांत नळ आणि झडपा तांबे-पितळेच्या न ठेवता पोलादाच्या असतात, त्यामागेही अमोनियाचा हाच स्वभाव आहे.

वर्गात करून पाहा

तांब्याच्या जाड तारेचे दोन तुकडे घ्या. एक तुकडा एकाच जागी वाकवत राहा. तो कठीण होत जाईल आणि शेवटी तुटेल. दुसरा थोडा वाकवून कठीण करा, चिमट्यात धरून लालसर होईपर्यंत तापवा आणि थंड करून पुन्हा वाकवा. फरक बोटांना कळेल. नंतर शिक्षकांनी हवेशीर जागी, थोड्याशा सौम्य अमोनिया द्रावणात तांब्याचा तुकडा अर्धवट बुडवून ठेवावा. काही तासांत द्रावणाला निळी झाक येऊ लागेल. हा निळा रंग म्हणजे धातूतून निघून आलेले तांबे. या प्रयोगांसाठी तार पुरेशी आहे. काडतूस किंवा पुंगळी कोणीही वर्गात आणू नये.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारा : तबेल्यातील सगळ्याच पुंगळ्या का तडकल्या नाहीत? ज्यांनी तार वाकवून आणि तापवून पाहिली आहे, त्यांना उत्तर सांगावे लागणार नाही.