मुलगा उपचार घेऊन घरी आला, पुढे काय?



आमचे काम उसाचे. पण लागण नोंदीला गटात फिरताना बांधावर घरचेही विषय निघतात. मागच्या हंगामात एक सभासद म्हणाले, "पोरगा महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला, आता सुटलं बघा." पोरगा सतराचा. दीड महिन्यात पुन्हा प्यायला लागला. "पैसे पाण्यात गेले, साहेब." आमच्या मते पैसे वाया गेले नव्हते, काम अर्धे राहिले होते.

केंद्रात शरीर नशेतून मोकळे होते, ओढ लगेच जात नाही. ऊस तुटला तरी खोडव्याचे बुडखे छाटावे लागतात, तसेच हे. घरी आल्यावर तीच पोरे, तीच टपरी. इथे आधारगट लागतो.

ही पद्धत जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी शेअर बाजारातला एक माणूस आणि एक डॉक्टर, दोघेही दारूत बुडालेले, एकमेकांशी बोलत दारूपासून दूर राहिले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. मीटिंगला फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही. एकेक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात, आणि तिथले बोलणे बाहेर न्यायचे नाही. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही उपचारानंतरच्या पाठपुराव्यावर भर असतो.

अडचण एकच. मीटिंगला बहुतेक मंडळी चाळिशी-पन्नाशीची. बायको, नोकरी, कर्ज यांच्या गोष्टी ऐकून पोराला वाटते, हे माझे नव्हे. म्हणून केंद्रातल्या समुपदेशकाला विचारा, त्याच्या वयाच्या मुलांचा गट कुठे भरतो. नसेल तर व्यसनातून बाहेर पडलेला, त्याच्यापेक्षा थोडा मोठा मुलगा सोबत द्या. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट असतो. पोरगा नाही म्हणाला तरी आईने जायला हरकत नाही. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

दोन गोष्टी मात्र घरीच कराव्या लागतात. ऊस बिल खात्यावर पडले की मोबाईलवरून पैसे काढायची मुभा काही महिने पोराकडे नको. आणि पाय घसरलाच तर मारू नका, चार लोकांत काढू नका. त्याच आठवड्यात परत मीटिंगला न्या.

वरचा पोरगा आता दर गुरुवारी एस.टी.ने तालुक्याला जातो. वडील सोबत असतात. मीटिंग संपेपर्यंत ते समोरच्या हॉटेलात चहा घेत बसतात. आत काय बोललास, हे विचारायचे त्यांनी सोडले आहे.