शिडाच्या नौकेवरील विजेचा साठा

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबई सोडली व चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिलेच भारतीय होत. अशा प्रवासात नौकेला वारा पुढे नेतो. परंतु रात्रीचे दिवे, बिनतारी संदेशयंत्र आणि नाविक निजला असता सुकाणू सांभाळणारे स्वयंचलित यंत्र यांस वीज लागते. किनारा शेकडो मैल दूर असता ती किती उरली, हे कसे ओळखावे?

पुष्कळ नौकांवर ही वीज शिशाच्या बॅटरीत साठवितात. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तिचा शोध लावला. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. वीज खर्च होऊ लागली की गंधकाम्ल शिशाच्या पट्ट्यांशी संयोग पावते, द्राव सौम्य होत जातो आणि विद्युद्दाब उतरतो. भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.७ व्होल्ट, निम्मी रिती झालेलीचा सुमारे १२.२, आणि ११.८ च्या आसपास ती जवळजवळ रितीच समजावी. एवढ्या थोड्या अंतरात सारा हिशेब असल्याने दशांशाची चूकही महाग पडते.

त्यातही मेख अशी की, हे आकडे काही तास विसावलेल्या बॅटरीचे होत. यंत्रे चालू असता अंतर्गत रोधामुळे दाब कमी दिसतो. उलट, इंजिनाने वा सौरपट्ट्यांनी बॅटरी भरली जात असता तो १४ व्होल्टच्या वर चढतो. इंजिन थांबवून लागलीच मापक पाहणाऱ्यास अर्धवट रिती बॅटरीही भरलेली भासते. समुद्रावर बॅटरीला पुरता विसावा क्वचितच मिळतो. म्हणून जाणता नाविक रोज सूर्योदयापूर्वी, भार शक्य तितका सारखा ठेवून, दाब नोंदवहीत लिहितो. एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिवसागणिक होणारी घसरण अधिक बोलकी असते.

मापक थेट बॅटरीच्या अग्रांशी जोडावा. खाऱ्या हवेने गंजलेल्या सांध्यातही दाब खर्ची पडतो. बॅटरी फार काळ रिती राहिल्यास पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची साठवणशक्ती कायमची घटते. शिवाय, बॅटरी भरणारे इंजिन सुरू करावयासही बॅटरीच लागते. यास्तव अनेक नौकांवर इंजिनासाठी वेगळी बॅटरी राखून ठेवलेली असते, आणि दिव्यांना तिच्यातून वीज घेऊ देत नाहीत.